शांतता समिती म्हणजे खबऱ्यांची टोळी नव्हे

बालाघाटात वाढलेल्या आपल्या पिढीला पोलीस कॅम्प, नक्षल, चकमक हे शब्द नवे नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे तेव्हाचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी हत्या केली. त्यामुळे सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी बंदूक येते. पण शांतता राखण्यात साध्या नागरिकांचंही काम असतं. ते कसं चालतं हे समजायला दोन ठिकाणं बघू या.

पहिलं ठिकाण आफ्रिकेतलं. केनियाच्या ईशान्येला वजीर नावाचा कोरडा जिल्हा आहे. तिथले लोक बहुतेक सोमाली, गुरं-उंट पाळणारे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला आणि पाणी-चराईवरून कुळाकुळांत रक्तपात सुरू झाला. भांडण बाजारापर्यंत पोहोचलं. तेव्हा डेखा इब्राहिम अब्दी आणि इतर बायकांनी सुरुवात बाजारातूनच केली. कुणीही कुणालाही माल विकायचा, कुणाकडूनही घ्यायचा, आणि हे पाळलं जातंय की नाही यावर बायकांच्याच समितीने लक्ष ठेवायचं. मग वडीलधारी मंडळी आली, तरुण आले. १९९५ मध्ये जिल्हा प्रशासनही सोबत येऊन वजीर शांतता व विकास समिती तयार झाली. पुढे केनियात इतरत्रही अशा समित्या निघाल्या.

दुसरं ठिकाण भिवंडी. यंत्रमागांच्या या गावात १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. एकाच वस्तीतले हिंदू-मुस्लिम आणि तिथला पोलीस नेहमी एकत्र बसायचे. विषय रोजचेच, शेजाऱ्यांच्या कुरबुरी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली, पण जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या.

दोन्हीकडे गंमत एकच आहे. अफवा पसरली की ती खरी का खोटी हे कुणाला विचारायचं, ते लोकांना आधीच ठाऊक होतं. ओळख शांततेच्या दिवसांत झालेली होती.

आता आपल्याकडचा अवघड भाग. नक्षली भागात ‘पोलिसांचा खबऱ्या’ असा शिक्का बसला की माणसाचा जीव जातो. म्हणून गावकऱ्याकडून गुपचूप माहिती काढणं याला भागीदारी म्हणता येत नाही. सगळा धोका एकट्या त्याच्या डोक्यावर राहतो. समिती उघड बसते, सगळ्यांसमोर बोलते. पोलिसांनाही तिथे उत्तर द्यावं लागतं.

मध्य प्रदेशाच्या २०२२ च्या पेसा नियमांत ग्रामसभेच्या शांतता व विवाद निवारण समितीची तरतूद आहे. आपला बैहर भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे कायद्याने दार उघडलेलं आहे. पण समितीची बैठक फक्त भांडण झाल्यावरच बोलावली, तर ती नुसती पंचायत होईल. भांडण नसतानाही ती बसली पाहिजे. तिच्यात बायका आणि तरुण असले पाहिजेत. आपल्यातले जे मित्रमैत्रिणी सुट्टीत गावी जातात, त्यांनी ग्रामसभेत एवढं तरी विचारावं: आपल्या गावची ही समिती शेवटची कधी बसली होती?