बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असे नव्हे

‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो.’ हे वाक्य शाळेच्या वहीत असते, वर्तमानपत्राच्या बालपुरवणीत असते, उन्हातून घरी येणाऱ्या माणसाच्या तोंडी असते. पुण्यात ते वर्षातल्या एकाही दिवशी खरे नसते. उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही, अगदी एकाही दिवशी नाही. पुण्यात सूर्य आकाशातल्या आपल्या सर्वांत उंच जागी लवकरात लवकर येतो तो बारा वाजून १८ मिनिटांनी, आणि उशिरात उशिरा बारा वाजून ४९ मिनिटांनी.

हे लिहायला कारण झाले ते एका मुलीच्या प्रकल्पाच्या वहीचे. सोसायटीच्या गच्चीवर तिने एक काठी ओळंब्याने सरळ उभी केली, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका दिला आणि पट्टीने अंतर मोजून तक्ता केला. सर्वांत आखूड सावली तिला बारा पस्तीसला मिळाली. वही तपासून आली तेव्हा तो आकडा लाल शाईने खोडून वर ‘१२.००’ लिहिलेले होते. मोजमाप मुलीचे बरोबर होते. चूक होती ती लाल शाईची. मोजून काढलेले उत्तर पाठ केलेल्या उत्तरासमोर खोटे ठरवायचे, ही सवय मुलांना आपण लावतो याचा मला फार राग येतो.

कारण अवघड नाही. आपल्या घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुणे आहे ७३.८५ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या जवळजवळ पावणेनऊ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. गुणाकार करा: सुमारे साडेचौतीस मिनिटे. मिर्झापूरची मध्यान्ह करून निघालेला सूर्य पुण्याची मध्यान्ह करायला एवढा वेळ घेतो. म्हणून पुण्याची मध्यान्ह सरासरीने बारा चौतीस-पस्तीसला होते. मुंबईची त्यानंतर चार मिनिटांनी. नागपूर ७९ अंशांवर असल्याने तिथे ती सरासरीने बारा चौदालाच होऊन जाते. एकाच राज्यात, एकाच घड्याळावर, पुणे आणि नागपूर यांच्या मध्यान्हींत वीस मिनिटांहून जास्त अंतर आहे.

‘सरासरीने’ म्हटले, कारण सूर्यही घड्याळासारखा चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे तिचा वेग वर्षभर सारखा नसतो; जानेवारीच्या सुरुवातीला तो सर्वांत जास्त असतो. त्यात तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला. या दोन्हींमुळे मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यावर सरासरीपेक्षा चौदा मिनिटे मागे पडते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे पुढे येते. वर दिलेले १८ आणि ४९ हे आकडे त्यातूनच आले.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी इतिहास आहे. १९०६ पूर्वी प्रत्येक मोठ्या गावाला आपली वेळ होती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे, कलकत्त्याची पाच तास त्रेपन्न मिनिटे पुढे; रेल्वे मात्र मद्रासची वेळ पाळत असे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबईने ती सुखासुखी स्वीकारली नाही. घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे करायचे म्हणजे पहाटे तेवढे आधी कामावर जायचे, हे गिरणी कामगारांना सहज कळले आणि त्या जानेवारीत दंगाही झाला. मुंबई महापालिकेने ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू ठेवला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, देशभर घड्याळे आणखी एक तास पुढे होती. त्या काळात पुण्यातली मध्यान्ह सरासरीने दीड वाजून गेल्यावर होत होती! सूर्य होता तिथेच होता. सरकारने काटे हलवले, एवढेच.

आता रामनवमी. रामाचा जन्म मध्यान्हीचा, असे परंपरा सांगते. पण घड्याळात बाराचा ठोका पडला की पाळणा हलवायचा, हा आग्रह कुठून आला? चैत्र शुद्ध नवमी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्याच्या आसपास येते आणि त्या दिवसांत पुण्यात सूर्य मध्यान्हीला साधारण बारा पस्तीस ते बारा चाळीसच्या दरम्यान येतो. म्हणजे परंपरा काटेकोरपणे पाळायची असेल तर बाराला जन्म लावणे अर्धा तास आधी होते. हेच अभिजित मुहूर्ताचे. दिवसाच्या पंधरा मुहूर्तांपैकी हा आठवा, म्हणजे मधला. ‘अकरा छत्तीस ते बारा चोवीस’ असे छापील वाक्य फिरत असते. ते सूर्योदय सहाला, सूर्यास्त सहाला आणि मध्यान्ह बाराला असे गृहीत धरून केलेले गणित आहे. एप्रिलमधल्या पुण्यात तो मधला भाग सव्वाबाराच्या आसपास सुरू होऊन एक वाजेपर्यंत जातो. मुहूर्त मानावा की मानू नये, हा वेगळा विषय आहे. पण मानायचा तर ज्या सूर्यावरून तो काढला, त्या सूर्याला तरी विचारावे. राहुकाळाचे तयार तक्तेही सहाचा सूर्योदय धरूनच असतात. पुण्यात सूर्योदय जानेवारीत सात वाजून गेल्यावर होतो.

आपल्या पूर्वजांना यात काही अडचण नव्हती, कारण ते सावलीच बघत. सूर्यसिद्धान्तात शंकूची, म्हणजे सावलीसाठी उभ्या केलेल्या काठीची, कृती दिलेली आहे आणि ती आजही गच्चीवर करता येते. सपाट जमिनीवर काठी उभी करा, तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत जाऊन तिचे टोक वर्तुळाला आत शिरताना टेकते, ती वेळ लिहा. दुपारनंतर टोक पुन्हा बाहेर पडताना वर्तुळाला टेकते, तीही लिहा. समजा, पहिली वेळ ११.३४ आली आणि दुसरी १.३६. दोन्हींचा मध्य १२.३५, ती तुमची मध्यान्ह. दोन्ही ठिपके जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, ती वेगळीच कमाई. फक्त आखूड सावली शोधत बसण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण ऐन मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी पाच-दहा मिनिटांत फारशी बदलत नाही आणि नेमका क्षण हातातून निसटतो.

‘डोक्यावर’ या शब्दाचेही तसेच. मध्यान्हीचा सूर्यसुद्धा पुण्यात रोज डोक्यावर नसतो. नेमका माथ्यावर तो वर्षातून दोनदाच येतो: मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर मध्यान्हीलाही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्याची मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, कारण सूर्य तेव्हा माथ्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही असे सांगणाऱ्याला जूनमध्ये ढग नसलेल्या एखाद्या दिवशी ती खिडकी दाखवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

मध्यान्हीला सर्वांत जास्त तापते, हे चूक. ऊन तेव्हा सर्वांत प्रखर असते, पण जमीन तापून हवा तापायला वेळ लागतो; दिवसाचे कमाल तापमान बहुधा अडीच ते चारच्या दरम्यान नोंदले जाते.

२२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, म्हणून त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवतो, हेही चूक. पुण्यात सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर असतो आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होऊन गेलेला असतो.

२१ मार्चला दिवस-रात्र अगदी समान नसतात. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो आणि वातावरण किरण वाकवते, त्यामुळे पुण्यात त्या दिवशी दिवस सहा-सात मिनिटांनी मोठा असतो.

बारा एएम आणि बारा पीएम यांत बारा पीएम म्हणजे दुपार, असा रिवाज आहे. पण गोंधळ इतका होतो की अमेरिकेची मानक संस्था एनआयएसटीसुद्धा त्याऐवजी सरळ मध्यान्ह आणि मध्यरात्र असे लिहायला सांगते. रेल्वेने चोवीस तासांचे घड्याळ ठेवून हा प्रश्नच मिटवला आहे. तरीही लक्षात ठेवा: तिकिटावर १५ तारीख आणि ००.१० ही वेळ असेल, तर स्टेशनवर १४ च्या रात्री जायचे. १५ च्या रात्री गेलात तर गाडी सुटून जवळपास चोवीस तास झालेले असतील.

शिक्षकांना एक विनंती. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. शंका असेल तर विचारायला माणसे आहेत. पण आधी काठी उभी करा. मेच्या मध्यावर शाळेला सुट्टी असते, म्हणून जुलैची अखेर धरा. ढगांनी वाट दिली तर बारा एक्केचाळीसच्या सुमाराला सावली काठीच्या बुडाशी गोळा होईल. मेमध्ये घरी करणाऱ्यांनी बारा एकतीसची वाट पाहावी. त्या दिवशी घड्याळात बाराला मीटरभर काठीची सावली पश्चिमेकडे तेरा सेंटीमीटर तरी उरलेली असेल. ती मुलांना मोजू द्या आणि आलेला आकडा खोडू नका.