दुर्गशब्द, लेखांक ११ : खाचेवरून पडलेलं नाव

खंदकाकडे आज वळायचं ठरलं होतं, पण तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो. घराला तटबंदी करायला इंग्लंडचा राजा देत असे त्या परवान्यांवरचा मागचा लेख वाचून एका वाचकाने विचारलं आहे : तटावर चर्या (माथ्यावरचे दगडी उंचवटे) चढवण्याला इंग्रजीत ‘क्रेनलेट’ का म्हणतात? आणि परवान्यांतल्या ‘कर्नेलारे’चं फौजेतल्या कर्नलशी काही नातं आहे का?

कर्नलशी नातं नाही. तो इटालियन ‘कोलोनेल्लो’वरून आला, सैनिकांच्या रांगेचा, म्हणजे ‘कोलोना’चा, तो नायक. बदामाच्या गरालाही इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात, पण तो शब्द धान्याच्या दाण्यावरून आलेला, म्हणजे आणखी वेगळ्या घरचा.

आपला शब्द निघतो लॅटिन ‘क्रेना’पासून. क्रेना म्हणजे खाच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘क्रेनेल’ झालं, उच्चार फिरून ‘कर्नेल’ही झालं. इंग्लंडच्या दरबारातले कारकून दस्त लॅटिनमध्ये लिहीत. त्यांनी त्याला लॅटिन प्रत्यय लावून ‘कर्नेलारे’ हे क्रियापद केलं. १२९१ साली लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो याला स्टोकसे इथल्या घरासाठी परवाना मिळाला, १३८५ मध्ये सर एडवर्ड डॅलिंग्रिज याला बोडियम इथल्या घरासाठी. दोन्ही परवाने दगड-चुन्याची भिंत बांधून घर बळकट करायचे आणि ‘कर्नेलारे’ करायचे. आजचं ‘क्रेनलेट’ हे रूप मात्र १९व्या शतकातलं आहे.

मला या व्युत्पत्तीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की नाव दगडाला नाही, दोन दगडांमधल्या मोकळ्या जागेला मिळालं. उभ्या भागाला ‘मर्लॉन’ म्हणतात. तिरंदाज त्याच्याआड उभा राहायचा, खाचेतून बाण सोडायचा आणि पुन्हा आडोशाला जायचा. खाचा नसत्या तर तो नुसता कठडा झाला असता. तटाला हत्यार बनवते ती खाच. आपल्याकडे नावांची वाटणी वेगळी आहे. पाकळीच्या आकाराचा दगडी उंचवटा ती चर्या, आणि मारा करायचं भोक ती जंगी.

हीच ‘क्रेना’ वनस्पतिशास्त्रातही पोचली आहे. पानफुटीच्या पानाची कड पाहा : गोलसर दाते आणि मधे बारीक खाचा. अशा कडेला ‘क्रेनेट’ म्हणतात.

आता पुन्हा परवान्यांकडे. चार्ल्स कूल्सन या इतिहासकाराने आग्रहाने मांडलं, की असे परवाने संरक्षणाइतकेच, किंबहुना जास्तच, प्रतिष्ठेसाठी मागितले जात. स्टोकसेच्या दिवाणखान्याच्या प्रशस्त खिडक्या पाहिल्या की ते पटतं. वेढ्याची धास्ती असलेला माणूस एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवत नाही. लोकरीच्या व्यापाऱ्याला सरदाराच्या पंगतीत बसवायला तटावरच्या खाचा पुरेशा होत्या.

पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा चर्यांबरोबर जंग्याही पाहा, त्यांतून खाली डोकावून मारा कुठवर पोचत असेल ते ताडा. खंदक पुढच्या आठवड्यात, आणि सुरुवात बोडियमच्याच पाण्यापासून.