चार आठवड्यांची माया

पुण्य जोडायचे तर घराबाहेर पडावे लागते, ही आपली जुनी समजूत आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने त्यासाठी काशी गाठली. माझ्या विद्यार्थ्यांच्या पिढीला काशी पुरेनाशी झाली आहे. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की दोघे-तिघे तरी माझ्याकडे शिफारसपत्र मागायला येतात. कुणाला नेपाळात जायचे असते, कुणाला कंबोडियात. तिथल्या लहानशा गावातल्या अनाथालयात चार आठवडे राहायचे, मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि परत यायचे. प्रवासखर्च आपला, आणि वर संस्थेची फीही आपणच भरायची. मुलांना लळा लागतो, आपल्याला समाधान मिळते, आणि पुढे परदेशी विद्यापीठाच्या अर्जातला एक रकानाही भरतो.

या तरुणांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्या चार आठवड्यांविषयी. म्हणून पत्रावर सही करण्यापूर्वी मी त्यांना गोदावरीची हकीकत सांगतो.

गोदावरी म्हटले की आपल्याला नाशिक आठवते. पण ही गोदावरी म्हणजे काठमांडू खोऱ्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेले एक गाव. कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण २००४ साली तिथल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला. त्याला खरे म्हणजे जगप्रवासाला निघायचे होते. त्याची सुरुवात सत्कृत्याने करावी, एवढाच त्याचा बेत. बालगृहात अठरा मुले होती. दार उघडताच ती त्याच्या अंगावर चढली, गळ्यात पडली. ही सारी अनाथ मुले आहेत, अशीच त्याची समजूत होती.

नेपाळात तेव्हा यादवी चालू होती. १९९६ साली पेटलेली ती आग २००६ पर्यंत धुमसत राहिली. या काळात एके दिवशी एक बाई त्या बालगृहात येऊन पोहोचली. अनाथ म्हणून सांभाळलेल्या दोघा भावांची ती सख्खी आई होती! मग एकेक धागा उलगडत गेला. बहुतेक मुले हुमला या अतिदुर्गम जिल्ह्यातली होती. माओवादी बंडखोर मुलांना आपल्या सैन्यात ओढून नेत, त्या भीतीचा फायदा घेऊन एक माणूस गावोगाव फिरला. ‘तुमच्या मुलाला काठमांडूला नेतो, शाळेत घालतो, सुखरूप ठेवतो,’ असे सांगून त्याने आईबापांकडून पैसे घेतले. कुणी त्यासाठी जमीनजुमला विकला. आणि मुले राजधानीत आल्यावर ‘अनाथ’ झाली.

ग्रेननने २००६ साली ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली. हुमल्यात तेव्हा मोटाररस्ता पोहोचला नव्हता. मुलांचे फोटो बरोबर घेऊन तो डोंगरवाटांनी पायी गावोगाव हिंडला आणि त्याने त्यांची घरे शोधून काढली. पुढे हा सारा अनुभव त्याने ‘लिटल प्रिन्सेस’ या पुस्तकात लिहिला. वाचकहो, त्या आईबापांनी फोटो हाती घेतला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपली आपणच करावी.

हे एकट्या गोदावरीचे दुर्दैव असते, तर मी आपला वेळ घेतला नसता. नेपाळातले सर्वांत गरीब जिल्हे दूर पश्चिमेच्या डोंगरांत आहेत. पण बालगृहे मात्र दाटीने आहेत ती काठमांडू, पोखरा आणि चितवन येथे, म्हणजे जिथे प्रवासी जातात तिथे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्था जवळजवळ पाऊणपटीने वाढल्या. अनाथ मुले मात्र त्या प्रमाणात वाढली नव्हती. तिथल्या सरकारने युनिसेफच्या साह्याने केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले, की संस्थांतल्या चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात होते.

याचे गणित सोपे आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. पाहुणा फी भरतो, जाताना देणगी देतो, घरी गेल्यावर मित्रांकडून आणखी पैसे पाठवतो. मग पाहुण्यांसाठी मुले लागतात. मुले नीटनेटकी, धष्टपुष्ट दिसली तर पाकीट उघडत नाही. म्हणून काही ठिकाणी त्यांना मुद्दाम अनवाणी आणि मळकट ठेवतात. सगळ्याच संस्था अशा नसतात, हे खरे. पण चार आठवड्यांच्या पाहुण्याला, त्यातून तिथली भाषा न येणाऱ्याला, चांगली कोणती आणि वाईट कोणती हे कळावे कसे?

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मला मोबाइलवर लेकीचे फोटो दाखवले. कडेवर एक मूल, पाठीवर दुसरे. ‘सर, पहिल्याच दिवशी कशी बिलगली बघा! किती प्रेमळ असतात हो ही मुलं!’

मी त्यांना एवढेच विचारले, ‘वहिनी, ही आपली लेक तीन वर्षांची असताना घरी आलेल्या अनोळखी माणसाच्या कडेवर अशी जात होती का?’

त्या हसल्या. ‘छे हो! पदरामागे लपून बसायची.’

लपून बसणे हेच निरोगी मुलाचे लक्षण आहे. आपले कोण आणि परके कोण हे त्याला कळलेले असते. ब्रिटिश मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात सांगितले, की लहान मुलाला आईची, किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या कुणाची तरी, अखंड माया लागते. पुढे २००० सालापासून रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यातही कुणाही परक्याला बिलगण्याची ही खोड दिसून आली. तेव्हा फोटोतली ती मिठी म्हणजे प्रेमाचे भरलेले भांडे नव्हे, रिकामे भांडे आहे. आणि दर महिन्याला नवा ‘दादा’, नवी ‘ताई’ येऊन ते थोडे भरते आणि निरोप घेताना पुन्हा उपडे करते. आपल्याकरता तो निरोप एकदाच असतो. मुलाकरता तो वर्षातून बारा वेळा असतो.

आता सरकारांनाही हे उमगू लागले आहे. २०१५ सालच्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर आणि नवी बालगृहे काढण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही त्यात दखल घेतली.

मग परक्या देशातल्या मुलांसाठी कुणी काही करूच नये की काय? असे मी मुळीच म्हणत नाही. कसे करावे, याचाही एक धडा आहे. दुसऱ्या महायुद्धाने युरोपभर मुले उघडी पडली, तेव्हा वाल्टर रॉबर्ट कोर्टी या स्विस लेखकाने १९४४ साली एका मासिकात लेख लिहून या मुलांसाठी एक गावच वसवावे, अशी कल्पना मांडली. १९४६ साली, थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या वर्षी, ट्रोगेन या डोंगराळ गावाजवळ तिची पायाभरणी झाली. देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक तिथे आले. त्यांनी माती खणली, घरे उभी केली आणि ते आपापल्या देशी परत गेले. मुलांना मात्र त्यांच्या स्वाधीन केले नाही. पोलिश मुलांच्या घरात पोलिश पालक, ग्रीक मुलांच्या घरात ग्रीक, अशी व्यवस्था होती; त्यांची भाषा बोलणारे आणि त्यांच्याजवळ राहणारे. पुढे १९६० साली तिबेटी निर्वासित मुले आली, तीही तिबेटी पालकांच्या छायेत वाढली.

पाहुण्याने भिंत बांधावी. माया लावण्याचे काम राहणाऱ्याचे. जाणाऱ्या माणसाने असे काम करावे, की त्याच्या जाण्याने कुणाचे काही हिरावले जाणार नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. या मुलांचे आईबाप कुठे आहेत आणि मुलांना त्यांच्याकडे पोहोचवण्यासाठी संस्था काय करते? माझी कसलीही चौकशी न करता मला मुलांत सोडणार आहेत का? आणि माझ्या जागी गावातल्याच कुणाला पगार देऊन ठेवता येईल का? उत्तरे मिळाली नाहीत, तर तिकीट काढू नये. एखाद्या मुलीने विहीर बांधणीच्या, वाचनालयाच्या किंवा तिथल्या शिक्षकांना मदत करण्याच्या कामाचे पत्र मागितले, तर मी आनंदाने सही करतो.

या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण फराळाचे डबे घेऊन जवळच्या बालगृहात जातील. जरूर जावे. पण तिथेही आई किंवा वडील हयात असलेली, केवळ गरिबीपायी आलेली मुले असतात. तेव्हा लाडू-करंज्या वाटून, मुलांना रांगेत बसवून फोटो काढण्याआधी कचेरीत जाऊन एवढे विचारावे, की भाऊबीजेला यातल्या किती मुलांना घरी जाता येईल, आणि त्यांच्या एस. टी.च्या तिकिटांना किती पैसे लागतील?