म्हातारा कुत्रा, बिघडलेले पोट आणि न सापडणारे कारण

रात्री अडीचच्या सुमारास फरशीवर नखांची टकटक ऐकू येते. ती दारापर्यंत जाते, पलंगाशी येते आणि पुन्हा दाराकडे वळते. ज्यांच्या घरात वयस्कर कुत्रा आहे, त्यांना या आवाजाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. चपला पायात सरकवून, गळपट्टा हातात घेऊन तीन जिने उतरेपर्यंत वेळ मिळाला तर ठीक. अन्यथा जिन्यातच फडके आणि बादली घेऊन बसावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या घरी १३ वर्षांच्या देशी कुत्र्यापायी हा क्रम जवळजवळ चार महिने चालला. शौचाची तपासणी झाली, रक्ताची झाली, सोनोग्राफी झाली. प्रत्येक अहवालाचा अर्थ एकच, विशेष काही आढळले नाही. कुत्र्याचे वजन मात्र २१ किलोवरून १८ किलोवर आले.

अहवाल 'चांगला' आणि प्राणी आजारी, या विसंगतीने माणूस हवालदिल होतो. मग तो दुसरा डॉक्टर, तिसरे औषध, चौथे खाद्य असा प्रवास सुरू करतो. आमच्याही हातून नेमके हेच घडले. वस्तुतः कारण न सापडणे याचा अर्थ उपाय नाही असा होत नाही. या विकारात अनेकदा उपचार हीच तपासणी असते. मात्र ती तपासणी यशस्वी होणे हे डॉक्टरांइतकेच घरातील शिस्तीवर अवलंबून असते.

आधी काय वगळावे?

एखाद्या दिवशी कुत्र्याचे पोट बिघडणे ही सामान्य बाब आहे. परंतु जुलाब, उलट्या, भूक मंदावणे किंवा वजन घटणे यांपैकी काही तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकले किंवा वारंवार उद्भवले, तर पशुवैद्यक त्यास जुनाट विकार मानतात. वृद्ध कुत्र्यात त्याचे मूळ पोटातच असेल असे नाही. मूत्रपिंड व यकृत यांचे विकार, स्वादुपिंडाची सूज किंवा पाचकरसांची कमतरता, अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक कमी पडणे, आतड्यातील गाठ, जंत आणि जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी ही सारी कारणे वरवर सारखीच दिसतात. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप आणि पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस यांचीही शंका घ्यावी लागते. गर्भाशय न काढलेली वयस्कर मादी उलट्या करीत असेल आणि सारखे पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झाला नाही ना, हे त्वरित पाहावे लागते.

आणखी एक कारण घरातच असते. म्हातारपणी सांधे दुखतात म्हणून अनेक कुत्र्यांना वेदनाशामक गोळ्या सुरू असतात. या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना कुत्र्याला सध्या काय काय दिले जाते याची पूर्ण यादी न्यावी. त्यात आयुर्वेदिक चूर्णे आणि टॉनिकेही आली.

तपासणीच्या खोलीत एका प्रश्नाचे उत्तर फार उपयोगी पडते, ते म्हणजे जुलाब नेमके कसे आहेत? शौच मोठ्या प्रमाणात होते, कधी काळपट असते आणि वजन उतरते, तेव्हा बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. थोडेथोडे पण वारंवार, कुंथून, शेंबडासारखा चिकट स्राव किंवा ताजे लाल रक्त यांसह होणारे शौच मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते. पुढील तपासण्यांचा आणि पथ्याचा मार्ग यावरून बदलतो. मोबाइलवर काढलेले शौचाचे छायाचित्र दाखवण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

उपचारातून निदान

वरील कारणे वगळल्यावर जो मोठा गट उरतो, त्याला पशुवैद्यकशास्त्रात 'क्रॉनिक एन्टेरोपॅथी' म्हणतात. आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. ती का आली हे मात्र नेमके सांगता येत नाही. अन्नातील प्रथिने, आतड्यातील जिवाणूंची वस्ती, शरीराची प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकता यांचा तोल बिघडल्याने ती येते, असे आज मानले जाते. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला तरी सूज आहे एवढे कळते आणि कर्करोगाची शंका फिटू शकते. पण हा कुत्रा पथ्याने बरा होईल की औषधाने, हे त्या तुकड्यावरून ठरत नाही.

म्हणून या विकाराचे वर्गीकरण उपचाराला मिळणाऱ्या प्रतिसादावरून केले जाते. केवळ आहार बदलल्याने बरे होणारे, प्रतिजैविकांनी सुधारणारे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागणारे आणि कशालाच दाद न देणारे, असे हे गट आहेत. यातील पहिला गट सर्वांत मोठा आहे. म्हणजे ज्यांच्या अहवालांत काही सापडत नाही, अशा अनेक कुत्र्यांचे औषध दवाखान्यात नसून स्वयंपाकघरात असते.

प्रतिजैविकांबाबतची दृष्टी अलीकडे बदलली आहे. मेट्रोनिडाझोल दिल्यावर जुलाब थांबतात, बंद केल्यावर अनेकदा परततात आणि दरम्यान आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची वस्ती विस्कटते. त्यामुळे कुत्र्याची प्रकृती स्थिर असेल तर आधी आहार, प्रतिजैविके बऱ्याच नंतर, असा क्रम आता सुचवला जातो. स्टिरॉइड हे या विकारात प्रभावी औषध आहे. परंतु ते घाईने सुरू केल्यास आतड्यातील लिम्फोमा हा कर्करोग काही काळ झाकला जातो आणि निदान अवघड होते. सुरू केलेले स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करणे तर धोक्याचेच.

रक्ताच्या दोन आकड्यांबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पहिला जीवनसत्त्व बी-१२ चा. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. तो भाग बिघडला की त्याची पातळी घसरते आणि मग इतर उपचारही पुरेसे लागू पडत नाहीत. पूर्वी यासाठी दर आठवड्याला इंजेक्शन दिले जाई. रोजच्या गोळ्यांनीही पातळी वाढते, हे आता दिसून आले आहे. दुसरा आकडा अल्ब्युमिन या प्रथिनाचा. तो प्रतिडेसिलीटर २ ग्रॅमच्या खाली गेला तर आतड्यावाटे प्रथिने वाहून जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी संथ प्रयोगांना वाव नसतो.

एका बिस्किटाने काय होते?

आहाराची चाचणी म्हणजे 'हलके खाणे' नव्हे. दोन-चार दिवसांच्या बिघाडाला उकडलेले चिकन आणि भात ठीक आहे. पण शरीराचा आक्षेप चिकनलाच असेल, तर महिनोन्महिने चिकन-भात घालणे म्हणजे दुखण्यालाच खतपाणी घालणे होय. चाचणीसाठी प्रथिनाचा असा स्रोत लागतो, जो त्या कुत्र्याने पूर्वी खाल्लेला नाही. शहरातील अनेक कुत्री चिकन, अंडी, दूध आणि पोळी यांवर वाढलेली असतात. त्यांच्यासाठी कमी चरबीचा मासा व बटाटा किंवा रताळे हा पर्याय होऊ शकतो. कोकणातील घरात रोज मासळीचे डोके खाल्लेल्या कुत्र्याला मात्र मासा नवा नव्हे. दुसरा मार्ग विशेष तयार खाद्याचा. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते ओळखू येत नाहीत. कोणता मार्ग घ्यावा हे कुत्र्याचे मूत्रपिंड व स्वादुपिंड पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. आहार लागू पडणार असेल तर पोटाच्या तक्रारीत साधारण दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

हे दोन आठवडे निभावणे हीच खरी परीक्षा. आमच्याकडे पहिली चाचणी फसली, ती सकाळच्या चहाबरोबर मिळणाऱ्या ग्लुकोज बिस्किटामुळे. "अरे, एवढ्याशा बिस्किटाने काय होतंय? तेरा वर्षं खातोय तो," असे आईचे म्हणणे. तिची माया खोटी नव्हती. पण त्या एका बिस्किटात गहूही होता आणि दूधही. खालचा रखवालदार पाव देतो, मुले चीज देतात, गोळी पेढ्यात लपवून दिली जाते. चाचणीच्या काळात हे सारे बंद हवे. गोळीसुद्धा त्याच ठरलेल्या अन्नात द्यावी. फ्रिजच्या दारावर 'काय द्यायचे' आणि 'काय नाही' अशी चिठ्ठी लावणे बालिश वाटेल, पण तिचा उपयोग होतो.

दिवसाचे अन्न तीन-चार लहान भागांत द्यावे. बिघाड मोठ्या आतड्याचा असेल तर इसबगोल किंवा शिजवलेला लाल भोपळा यांतील तंतूंनी अनेकदा आराम पडतो; प्रमाण मात्र विचारून घ्यावे. घरचे अन्न कायमचे चालवायचे असेल तर त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे घालावीच लागतात. केवळ मासा-बटाटा वर्षभर पुरणारा नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम एकच, तो म्हणजे एका वेळी एकच बदल. खाद्य, प्रतिजैविक, प्रोबायोटिक आणि जंताची गोळी एकाच दिवशी सुरू केली आणि कुत्रा सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळणार नाही. बिघडला तरी तेच. त्यासाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, काय खाल्ले, किती वेळा शौच, कसे, उलटी झाली का, औषध कोणते, एवढ्या नोंदी पुरेत. आठवड्यातून एकदा वजन घ्यावे. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे. नव्या डॉक्टरांसमोर ही वही जाड फाइलीपेक्षा अधिक बोलते.

हे टाळा, इथे धावा

माणसांची औषधपेटी कुत्र्यासाठी उघडू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड कॉलीसारख्या काही जातींना आनुवंशिक दोषामुळे घातक ठरते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ वर्ज्य समजावेत.

पोट टम्म फुगणे आणि उलटीचा उमाळा येऊनही काही बाहेर न पडणे हे जठराला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. त्यात तासांचाच नव्हे, मिनिटांचाही प्रश्न असतो. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, पांढुरक्या किंवा पिवळ्या हिरड्या, पाणीही न ठरणे, उभे राहता न येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. शरीरातील पाणी कमी झाले का, हे पाहण्यासाठी कातडीला चिमटा घेण्याची पद्धत वृद्ध कुत्र्यात फसवी ठरते, कारण वयाने कातडी सैल झालेली असते. हिरड्या चिकट, कोरड्या लागतात का ते पाहावे.

ज्यांच्या जवळच्या दवाखान्यात पुढील तपासण्यांची सोय नाही, त्यांनी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. मुंबईत परळचे, १८८६ साली स्थापन झालेले महाविद्यालय आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर आणि अकोला येथेही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या संस्था आहेत.

सांभाळणाऱ्याचे काय?

म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटदुखीत घरातील माणसाची झोप जाते, चादरी जातात आणि कधी कधी संयमही जातो. घरात घाण केली म्हणून ओरडलो, याची खंत पुढे बराच काळ सलते. हे कोणा एकाचेच होत नाही. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनॅगल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घ आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांमध्ये निरोगी प्राणी असलेल्यांच्या तुलनेत ताण, नैराश्य आणि चिंतेची लक्षणे अधिक आढळली. 'कुत्र्यासाठी एवढे काय?' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

काही गोष्टी सोप्या करता येतात. रात्रीची पाळी घरच्यांत वाटून घ्यावी. झोपायच्या जागी प्लास्टिक आणि वर जुनी चादर घालावी. गुळगुळीत फरशीवर दारापर्यंत पायपुसणी अंथरावीत, कारण घाईत घसरलेला म्हातारा कुत्रा लवकर उठू शकत नाही. त्याला रागावू नये. ते त्याच्या हातात नसते. साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत आणि फिनेलने पुसलेली जागा त्याला चाटू देऊ नये.

केव्हा थांबायचे?

हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकी पशु-कर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी एक मोजपट्टी सुचवली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना शून्य ते १० गुण द्यायचे. अधिक गुण म्हणजे अधिक चांगली स्थिती. एकूण ७० पैकी ३५ हून अधिक गुण असतील तर सांभाळत राहण्यास अर्थ आहे, असे समजले जाते. आकडा निर्णय घेत नाही. पण मध्यरात्रीच्या थकव्यात घेतला जाणारा निर्णय तो सकाळपर्यंत लांबवतो आणि केवळ आपल्याला सोडवत नाही म्हणून लांबवलेल्या यातनांकडेही बोट दाखवतो. हे गुण घरातील दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत. त्यांतील तफावत पुष्कळ काही सांगून जाते.

आमचा कुत्रा दुसऱ्या चाचणीत मासा आणि रताळ्यावर सावरला. तो पूर्ण बरा झालेला नाही. वजन साडेएकोणीस किलोवर थांबले आहे, महिन्यातून दोन-तीन वाईट रात्री येतात आणि कारण अजूनही कोणत्याही अहवालात नाही. वही चालू आहे. सकाळच्या चहाच्या वेळी तो सवयीने येऊन आईच्या पायाशी बसतो. बिस्किटाच्या जागी आता उकडलेल्या रताळ्याची फोड असते. तो ती आधी हुंगतो, आईकडे एकदा पाहतो आणि मग खातो.