कुरुंदवाडचे कुलकर्णी आणि शशकातला तपकिरी बटू

श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. बालपण हुबळीला गेलं, मग दिल्लीची आयआयटी, मग अमेरिकेत बर्कली. मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ‘ग्रह कसे तयार होतात यावर संशोधन करायचं तर काय शिकायचं?’ असं एखाद्या मुलीनं विचारलं की मी कुलकर्णींची गोष्ट सांगते. त्यांचा मूळ विषय ग्रहनिर्मिती नव्हे, पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे. विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, डॉन बॅकर यांच्याबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सार शोधला. पण ग्रह कुठे संपतो आणि तारा कुठे सुरू होतो, या प्रश्नाला पुढे त्यांच्याच गटानं हात घातला.

तारा म्हणजे आपल्याच वजनानं ढासळलेला वायूचा ढग. वस्तुमान गुरूच्या साधारण ७५-८० पट असेल, तर पोटात हायड्रोजनचं संमीलन पेटतं आणि टिकतं. त्याहून कमी भरलं तर? असा गोळा जन्मतो ताऱ्यासारखाच, पण पेटत नाही, नुसता निवत जातो. १९६० च्या दशकात शिव कुमार यांनी हे गणितानं मांडलं. या गोळ्यांना पुढे ‘तपकिरी बटू’ हे नाव पडलं. नाव होतं, गणित होतं. खात्रीचा बटू मात्र तीसेक वर्षं कुणालाच सापडत नव्हता.

मृग नक्षत्राच्या पायाशी शशक नावाचा तारकासमूह आहे. त्यात ग्लीझ २२९ हा तांबूस, मंद तारा, आपल्यापासून सुमारे १९ प्रकाशवर्षांवर. जानेवारी-फेब्रुवारीत मुलांना घेऊन गावाबाहेरच्या कातळसड्यावर गेलो की मी तो द्विनेत्रीतून दाखवतेच. याच ताऱ्याभोवती अखेर खात्रीचा बटू सापडला; हा सोबती मात्र आपल्या साधनांना दिसण्यातला नाही. तो दिसावा म्हणून कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर करोनाग्राफ बसवला होता. उन्हात समोरचं पाहायला आपण सूर्यावर हात आडवा धरतो, तसं हे उपकरण मुख्य ताऱ्याचा झगझगाट झाकतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये ताऱ्यापासून जेमतेम आठ विकलांवर एक पुसट ठिपका दिसला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

यानंतर कुलकर्णींच्या गटानं जे केलं, ते मला शोधाइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी वाट पाहिली. तो ठिपका मागचा एखादा दूरचा ताराही असू शकला असता. ग्लीझ २२९ जवळचा असल्यामुळे आकाशात दरवर्षी किंचित सरकतो. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तर तो त्याचा सोबती, मागे राहिला तर परका. वर्षभरानं पाहिलं, तर तो बरोबर सरकला होता. पालोमारच्याच २०० इंची दुर्बिणीनं त्याचा वर्णपट घेतला, त्यात मिथेनच्या खुणा निघाल्या. गुरूच्या वर्णपटात मिथेन असतो. ताऱ्याच्या तापमानाला तो टिकूच शकत नाही. म्हणजे हा गोळा हजार केल्व्हिनपेक्षाही थंड होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत ही बातमी जाहीर झाली. त्याच परिषदेत मायोर आणि केलो या खगोलशास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह जाहीर केला. त्या दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. एकाच आठवड्यात ग्रह आणि ताऱ्यांमधल्या रिकाम्या जागेत दोन्ही बाजूंनी माणसं उतरली!

ग्रहाचा जन्म वेगळ्या रीतीनं होतो. नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत असते. धुळीचे कण चिकटतात, खडे होतात, खड्यांचे डोंगराएवढे पिंड होतात. पृथ्वीच्या दहाएक पट गाभा जमला की तो भोवतालचा वायू ओढू लागतो आणि गुरूसारखा ग्रह तयार होतो. हे सगळं काही दशलक्ष वर्षांत उरकावं लागतं, कारण नंतर चकतीतला वायू उडून जातो. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं वृषभेतल्या एचएल टाउरी ताऱ्याभोवतीच्या चकतीतली गोल गोल वलयं दाखवली. तो तारा दहा लाख वर्षांचाही नाही. ग्रहांचं काम इतक्या लवकर सुरू होत असेल असं फार जणांना वाटलं नव्हतं.

म्हणून नुसतं वस्तुमान सांगून भागत नाही, जन्म विचारावा लागतो. ग्लीझच्या सोबत्यानं तर पुन्हा कोडं घातलं. त्याचं वस्तुमान गुरूच्या सत्तरेक पट भरलं, पण एवढ्या वजनाच्या मानानं तो फारच मंद होता. २०२४ मध्ये कॅलटेकच्या जेरी शुआन यांच्या गटानं उलगडा केला: ते दोन आहेत. गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे दोन बटू १२ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. चकतीचेच तुकडे पडून ते जन्मले असतील, अशी एक शक्यता मांडली आहे. तसं असेल तर ग्रहांचं आणि यांचं पाळणाघर एकच. त्याच वर्षी कुलकर्णींना शॉ पुरस्कार मिळाला. तोवर ते गॅमा किरणांच्या स्फोटांवरून रात्री अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांकडे वळलेले होते.

तेव्हा बारावीत ‘ग्रहनिर्मिती’ नावाची शाखा शोधत बसू नकोस, असं मी त्या मुलीला सांगते. बीएस्सीला भौतिकशास्त्र घे, गणित सोडू नकोस, प्रोग्रामिंग हाताखालून जाऊ दे. एमएस्सीनंतर पीएचडीच्या प्रवेशासाठी जेस्ट परीक्षा आहे. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर या संशोधनसंस्थांत पीएचडी करता येते. टीआयएफआरमध्ये नवजात ताऱ्यांवर आणि त्यांच्या चकत्यांवर काम चालतं. आयुकात उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतो. त्याचा अर्ज मात्र वेळेत भर.