रविवार साऱ्या घराचा

मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काचा रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी. त्याआधी सुट्टी म्हणजे सणावाराचे मोजके दिवस. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसण्यासाठी कामगाराला बोलावणं यायचंच. सत्यशोधक चळवळीत घडलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचं निवेदन तयार केलं. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. पुढच्या दीड-दोन महिन्यांत गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

हा रविवार आज आपल्या घरांत इतका मुरला आहे की तो कुणीतरी मागून, झगडून आणला हे ध्यानातही येत नाही. रविवारची सहल, जेवणानंतरचं वाटीभर गोड, मुलांनी कात्री-डिंक घेऊन केलेलं शुभेच्छापत्र या गोष्टी आपण किरकोळ मानतो. घराचा इतिहास सांगताना वाडे, दागिने, पैठण्या आणि पंगती येतात. कार्ड, कस्टर्ड आणि डबा येत नाहीत. मला मात्र या किरकोळ गोष्टींचं मोल फार मोठं वाटतं. त्या सोप्या असतात, म्हणून त्यांत घरातल्या प्रत्येकाचा हात लागू शकतो. जिचा रविवार ओट्यापाशीच संपतो, तिची सुटकाही या सोपेपणातून होऊ शकते.

पाव आण्याचा निरोप

शुभेच्छापत्र जन्माला आलं ते टपाल स्वस्त झाल्यामुळे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागलं. त्या सुधारणेत भाग घेतलेल्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं पहिलं छापील कार्ड करून घेतलं. त्या एका कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांचं टपाल. साध्या कुटुंबाला ते परवडणारं नव्हतंच. आपल्याकडे १८५४ मध्ये देशभर एकच टपालदर आला आणि जुलै १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड. त्या कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं की तेच मंगल निमंत्रण व्हायचं. छापखान्यात न जाता, दोन बोटांनी केलेली ही सजावट.

मराठी घरांत शुभेच्छापत्राचा जुना मान संक्रांतीचा. छापलेलं किंवा घरी चितारलेलं कार्ड आणि त्यासोबत चिमुकल्या पुडीत हलव्याचे चार दाणे. परगावच्या आप्तांना तिळगूळ असा टपालाने जायचा. ही कल्पना सुचणाऱ्यांना पदार्थाचा स्वभाव नेमका ठाऊक होता. काटेरी हलव्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, त्यामुळे तो प्रवासात टिकतो. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवायचा, साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. प्रत्येक थेंब सुकला की दुसरा. तासन् तास असं केल्यावर काटा फुलतो. तो दाणा ज्याच्या तळहातावर पडायचा, त्याला करणारीच्या हातांचा शेक कळल्याशिवाय राहत नसे.

मुलांच्या चित्राला जगभर मान मिळवून दिला एका सात वर्षांच्या मुलीने. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोव्हाने युनिसेफच्या मदतीबद्दल आभार म्हणून एक चित्र काढलं. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवलं. १९४९ मध्ये तेच चित्र युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र म्हणून छापलं गेलं. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर आणि त्यांच्या सहा मित्रांनी पन्नास रुपयांवर ‘क्राय’ ही संस्था उभी केली. पुढे शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून वंचित मुलांसाठी पैसा उभा राहू लागला आणि मध्यमवर्गीय घरांतून दिवाळीला ही कार्डं आवर्जून जाऊ लागली.

घरी कार्ड करायचं तर सामग्रीही आपल्याच मातीतली होती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा शतकानुशतकं चालत आली. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० साली हातकागद संस्था सुरू केली. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. रंगांच्या बाबतीत, दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेला कॅम्लिनचा उद्योग पुढे शाळाशाळांतल्या रंगपेट्यांपर्यंत पोचला. उंटाचं चित्र असलेली ती पेटी महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांची पहिली रंगसंगत ठरली.

पण बहुतेक घरांत कार्ड झालं ते विकत न आणलेल्या वस्तूंतून. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, संपलेल्या दिनदर्शिकेचं पान, भेंडीचा देठाकडचा काप रंगात बुडवून उठवलेलं फूल, जुन्या टूथब्रशवर कंगवा फिरवून उडवलेले तुषार, वहीत दाबून वाळवलेलं पिंपळपान. चिकटवायला मैद्याची खळ. या कामात मूल खूप काही शिकतं. जाड कागद तंतूंच्या दिशेने दुमडला तर घडी स्वच्छ बसते आणि आडवा दुमडला तर कडा फाटल्यासारखी दिसते, हे त्याला बोटांनी कळतं. आजीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड लिहिताना देशाचा नकाशा कळतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी टपाल अधिकाऱ्याने घडवली. पहिला आकडा ४ असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे निघालं, हे ओळखण्यात मुलांना केवढी मौज वाटते!

वाटीच्या मापाचं गोड

सणाचं मराठी गोड सोपं नव्हतं आणि आजही नाही. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, चाळायचे, गुळात मुरवायचे. पुरणाची डाळ शिजवून पुरणयंत्रातून काढायची. बासुंदी आटेपर्यंत पातेल्यासमोरून हलायचं नाही. या पदार्थांची थोरवी निर्विवाद आहे. त्यांत गेलेले तास मात्र बायकांचे होते आणि त्या तासांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

त्यांच्या शेजारीच सोप्या गोडांची एक परंपरा नांदत होती. शिकरण हा तिचा मुकुटमणी: पिकलं केळं, गार दूध, साखर, वेलची. चूल पेटवायची गरज नाही, पाच वर्षांच्या मुलालाही जमेल असं. ते आयत्या वेळीच करायचं असतं, कारण चिरलेल्या केळ्याला हवा लागली की ते काळवंडतं. दुसरा सुधारस. साखरेच्या पाकात लिंबू आणि केशर. अवचित पाहुणा आला आणि घरात दूध नसलं तरी पोळीशी गोड तयार. मुरांब्याची फोड, दही-साखर, गूळ-तूप-पोळीचा लाडू ही सारी त्याच कुळातली. श्रीखंडाचाही कष्टाचा भाग फडकंच उचलतं. रात्री दही टांगून ठेवलं की सकाळी चक्का तयार. मग साखर मिसळून पुरणयंत्रातून फिरवणं हे मुलांचं लाडकं काम.

मराठीतलं ‘सूपशास्त्र’ हे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं पाकशास्त्राचं पुस्तक १८७५ सालचं. त्यानंतर जवळजवळ शतकभराने, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरांत पोचलं. त्या पुस्तकाची मोठी करामत मापांत आहे. वाटी आणि चमचा या घरातल्याच भांड्यांत प्रमाण सांगितल्यामुळे, सासूबाईंच्या ‘अंदाजाने घाल’ या उत्तराने गोंधळलेल्या नव्या मुलीला आधार मिळाला. ज्याला पूर्वी कधी स्वयंपाक शिकवला गेला नाही, त्या मुलग्यालाही वाटी मोजता येतेच. नेमकं माप हाती आलं की पाककला एका माणसाची मिरास राहत नाही.

याच काळात कस्टर्ड मराठी घरात स्थिरावलं. त्याचा उगम एका नवऱ्याच्या काळजीत आहे. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. परदेशात जी गोष्ट पथ्य म्हणून निघाली, ती आपल्या शाकाहारी घरांना अगदी सोयीची पडली. १९५६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वीकफिल्डने ती पावडर मराठी माणसाच्या किराणा यादीत आणली. कृतीत जपायची गोष्ट एकच. पावडर आधी गार दुधात कालवायची आणि मग उकळत्या दुधात सोडायची. पिठातले कण तापत जातात तसे पाणी शोषून फुगतात आणि दूध दाट होतं. पण कोरडी पावडर थेट गरम दुधात पडली तर बाहेरचा थर आधी शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. सफरचंद, केळं, द्राक्षं, डाळिंब चालतात. कच्चा अननस नको, कारण त्यातलं द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते. तोच अननस साखरेत शिजवून घेतला की निर्धास्त घालावा.

या वाटीमागे सार्वजनिक कामही उभं आहे. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत झाली आणि मुंबईतले तबेले शहराबाहेर हलू लागले. १९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. १९७० पासून दूध महापूर योजनेने शहरांचा दूधपुरवठा वाढत गेला. दूध वेळेवर येणं आणि काडी ओढताच आच मिळणं, या दोन गोष्टींनी रविवारच्या दुपारी घरच्या बाईला किती तास परत दिले असतील!

डबा घेऊन बाहेर

बाहेर जाऊन एकत्र जेवण्याची चाल रविवारच्या सुट्टीपेक्षा फार जुनी आहे. दिवाळी सरली की कार्तिकात आवळीभोजन येतं. गावाबाहेर आवळीच्या झाडाखाली झाडाची पूजा करायची, घरून आणलेलं किंवा तिथेच रांधलेलं जेवायचं आणि दिवस मोकळ्या हवेत घालवायचा. एरवी उंबऱ्याच्या आत राहणाऱ्या बायकांना या दिवशी धर्माच्या नावाने का होईना, रान भेटायचं. त्या डब्यात दशमी असायची. दुधात भिजवलेल्या कणकेची ती पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. एकही पदार्थ असा नाही की ज्याला ताट-वाटी लागावी.

शहरांनी या रानाची जागा बागांनी भरून काढली. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. आजचं तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुंबई-पुण्याच्या माणसाला माथेरान जवळ आणलं ते १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळच्या छोट्या गाडीने. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून दोन फूट रुंदीचा हा लोहमार्ग डोंगरावर चढवला. पुण्यात पेशवे पार्कात १९५६ मध्ये फुलराणी धावू लागली आणि पर्वती, सारसबाग, फुलराणी असा तिथल्या घरांचा रविवार ठरून गेला. खेड्यापाड्यांना हीच वाट १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर निघालेल्या पहिल्या एसटीने दाखवली. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच मोफत प्रवास मिळाला. आजी, आई आणि मुली मिळून निघाल्या तर प्रवासाचा खर्च आता खरोखर हलका होतो. माझ्या मते सहलीच्या इतिहासात या सवलतीची नोंद फुलराणीइतक्याच मानाने व्हायला हवी.

२९९ आणि ९७

हा लेख गोड आठवणींवर थांबला तर अर्धवट राहील. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाचा हिशेब मांडला गेला. बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष २६. म्हणजे लोखंडे यांनी मिळवलेला रविवार घरात आल्यावर सर्वांच्या वाट्याला सारखा आलाच नाही. पाच तासांचा तो भार सोमवारी असतो तसाच रविवारीही उभा असतो. सहल निघायच्या आधी पहाटे चारला पुऱ्या तळायला उठणारी आई सहलीला आलेली असते, पण सुट्टीवर नसते.

म्हणूनच सोप्या गोष्टींची बाजू घ्यावीशी वाटते. सोप्या पदार्थाला ‘झटपट’ म्हणून कमी लेखायची आपली सवय जुनी आहे. घरी केलेलं गोड म्हणजे घाम गाळलेलंच असलं पाहिजे, असा एक अलिखित दंडक आहे. त्या दंडकाने कितीतरी बायकांचे सण थकव्यात गेले. सुधारसाला अनारशाची सर येणार नाही, हे मला मान्य आहे. अनारसे करणारीला ते हौसेने करू द्यावेत आणि तिचं तोंडभर कौतुक करावं. पण सुधारस सासरे करू शकतात, शिकरण नातू करू शकतो, कस्टर्ड ढवळायला मुलगी-जावई उभे राहू शकतात आणि पुऱ्यांऐवजी आदल्या रात्री चौघांनी मिळून लाटलेल्या दशम्या डब्यात जाऊ शकतात. काम वाटता येण्याजोगं असलं तरच ते वाटलं जातं.

या दिवाळीसाठी म्हणून तीन गोष्टी सुचवते. भाऊबीज झाल्यावर मुलांकडून दोन-चार कार्डं करवून घ्यावीत आणि ती टपालानेच पाठवावीत. पत्ता आणि पिनकोड मुलांनीच लिहावा. कार्तिकातल्या एका रविवारी घराने आवळीखाली, बागेत किंवा जवळच्या टेकडीवर जेवावं. आणि त्या दिवसाचा डबा व गोड यांची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी उचलावी, मापाच्या वाटीसकट. १८९० साली दहा हजार कामगारांसमोर उभ्या राहून ज्या दोन बायका बोलल्या, त्यांनी रविवार मागितला तेव्हा त्यात त्यांचाही वाटा होता. तो त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोचवण्याचं काम आता कायद्याचं किंवा गिरणीमालकाचं उरलेलं नाही. ते आपल्या घरातलं आहे आणि येत्या रविवारीच सुरू करता येईल.