मिथेनचे ऑक्सिडीकरण आणि ‘उत्प्रेरक’ ही संज्ञा

‘उत्प्रेरक’ ह्या शब्दात ‘ईर्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ हलविणे, चालना देणे. त्यामुळे दुसऱ्यास कामास लावून स्वतः अलिप्त राहणारा कोणी, असे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते. बर्झेलियसने १८३५ साली योजिलेल्या मूळ संज्ञेतील ग्रीक धातूचा अर्थ मात्र ‘सैल करणे, सोडविणे’ असा आहे. दोहोंपैकी वस्तुस्थितीस जवळचे कोणते, हे मिथेनच्या उदाहरणावरून तपासून पाहावयाचे आहे.

मिथेनच्या रेणूत एका कार्बन अणूभोवती चार हायड्रोजन अणू बांधलेले असतात. त्यांपैकी पहिला बंध तोडण्यास दर मोलमागे सुमारे ४३९ किलोजूल ऊर्जा लागते. म्हणूनच ठिणगीवाचून अथवा प्रखर उष्णतेवाचून मिथेन हवेत पेटत नाही. खाणीतील दिव्यासंबंधीच्या संशोधनाच्या ओघात हम्फ्री डेव्हीला १८१७ साली असे आढळले की, दगडी कोळशाचा वायू (ह्यात मिथेनचाही अंश असतो) व हवा ह्यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापविलेली तार ज्योतीवाचूनच प्रकाशत राहते. पॅलेडियमनेही हे साधले. तांबे, चांदी, लोखंड, सोने व जस्त ह्यांनी साधले नाही.

मिथेनच्या पूर्ण ज्वलनासाठी आज पॅलेडियमलाच विशेष मान आहे. हवेत त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड तयार होते. मिथेनचा रेणू तेथे टेकला की ऑक्साइडातील ऑक्सिजन एक हायड्रोजन आपल्याकडे ओढतो, व उरलेला भाग शेजारच्या पॅलेडियमला चिकटतो. बंध असा सैल पडल्यामुळे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसलाच ज्वलन घडते. ह्यात खर्ची पडणारा ऑक्सिजन बव्हंशी ऑक्साइडाचाच असतो. हवेतील ऑक्सिजन मागाहून ती तूट भरून काढतो. मार्स व व्हॅन क्रेव्हेलेन ह्यांनी १९५४ साली व्हॅनेडियम ऑक्साइडाच्या बाबतीत अशाच देवघेवीची उपपत्ती मांडली होती. हा अलिप्त प्रेरक कसला, पदरचे भांडवल गुंतविणारा भागीदारच म्हणावयाचा! ज्वलनातून निघालेले पाणी पृष्ठभागास चिकटले तर त्याचे काम मंदावते, हेही ह्या गुंतवणुकीचेच लक्षण होय.

तेव्हा ‘सोडविणे’ हाच अर्थ अधिक यथार्थ. रुळलेला शब्द बदलावा असा आग्रह येथे नाही. पण विद्यार्थ्याने त्याच्या व्युत्पत्तीवर विसंबू नये. खरी अडचणही प्रेरणेची नसून सोडवणूक कोठे थांबवावी ह्याची आहे. मिथेनपासून मिथेनॉल मिळवावे, तर त्यातील कार्बन-हायड्रोजन बंध सुमारे ४०२ किलोजूलांचे, म्हणजे अधिकच दुबळे. साहजिकच धातूच्या पृष्ठभागावर मिथेनॉलच आधी जळून जाते. काही जीवाणू मात्र लोह किंवा तांबे असलेल्या विकरांच्या साहाय्याने, सामान्य तपमानास, मिथेनचे मिथेनॉलच करतात.